एका खरेदीत किती संगणक? परवान्यातल्या आकड्याची पार्श्वभूमी

नवा संगणक घरात येतो, जुन्यावर वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्रॅम त्यावर टाकला जातो आणि पडद्यावर संदेश झळकतो, की या परवान्याची मर्यादा संपली आहे. पैसे मोजलेले आहेत, पावती जपून ठेवलेली आहे, तरी विकत घेतलेली वस्तू चालत नाही. परवान्याचा मजकूर बहुतेक जण अशा वेळी पहिल्यांदा उघडतात आणि त्यातला आकडा शोधतात: एक संगणक, दोन संगणक, पाच उपकरणे.

हा आकडा तंत्रज्ञानाने ठरवलेला नाही. प्रोग्रॅमची दुसरी प्रत पहिलीइतकीच चांगली चालते आणि ती काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आकडा ठरवला तो कराराने, आणि करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या त्या काळचा संगणक होता.

१९६० च्या दशकातला संगणक अख्खी खोली व्यापत असे. बँका, मोठ्या कंपन्या, सरकारी खाती तो बहुधा आयबीएमकडून महिन्याच्या भाड्याने घेत आणि सॉफ्टवेअर त्या भाड्यातच मिळे. त्याला वेगळी किंमत नव्हती, त्यामुळे ‘किती यंत्रांवर’ हा प्रश्नही उद्भवत नव्हता. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले, की यापुढे काही सॉफ्टवेअरची आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारली जाईल. स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपन्या त्याआधीही होत्या, पण त्यांना खरी बाजारपेठ मिळाली ती या निर्णयानंतर.

आता विकायचे, पण कसे? प्रोग्रॅमला कॉपीराइट लागू होतो का, याबद्दल तेव्हा वकिलांमध्येच एकमत नव्हते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने १९६४ पासून प्रोग्रॅमची नोंदणी स्वीकारायला सुरुवात केली होती, तरी न्यायालयात ती किती टिकेल याची खात्री कुणी देत नव्हते. म्हणून कंपन्यांनी विक्रीऐवजी करार पसंत केला: प्रोग्रॅम आमचाच राहील, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी, तीही नेमून दिलेल्या यंत्रावर. यंत्र जागचे हलत नसे आणि त्यावर काम करणारी माणसे अनेक असत. माणसे मोजत बसण्यापेक्षा यंत्र मोजणे दोन्ही बाजूंना सोयीचे होते. पुढे घरोघरीच्या संगणकांना जी अट जाचू लागली, ती मुळात या अवाढव्य यंत्रांसाठी बेतलेली होती.

१९७५ मध्ये अल्टेअर ८८०० आला. हौशी मंडळी तो स्वतः सुटे भाग जोडून तयार करत. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने लिहिलेली बेसिक ही भाषा कागदी फितीवर मिळे आणि तिच्या प्रती हातोहात फिरत. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी या मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांपेक्षाही कमी जणांनी बेसिक विकत घेतले आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्या पत्राकडे आज एका बाजूने पाहिले जाते, मला ते पटत नाही. लिहिणाऱ्याचे श्रम फुकट जात होते हे खरेच. आणि हौशी मंडळींच्या लेखी प्रोग्रॅम ही आपसांत वाटून घ्यायची गोष्ट होती, कारण तोवर ती तशीच मिळत आली होती, हेही तितकेच खरे.

कायद्याने यात हात घातला तो १९८० मध्ये, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. नव्या तंत्रज्ञानाचा कॉपीराइटवर काय परिणाम होतो हे तपासायला अमेरिकी काँग्रेसने १९७४ मध्ये ‘कॉन्टू’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा आयोग नेमला होता. त्याचा अंतिम अहवाल १९७८ मध्ये आला. प्रोग्रॅम चालवायचा तर त्याची प्रत यंत्राच्या स्मृतीत तयार होणारच, हे आयोगाने ओळखले होते. म्हणून त्याने सुचवले, की ज्याच्याकडे प्रत रीतसर आली आहे त्याला ती चालवण्यापुरती नक्कल करण्याचा आणि एक राखीव प्रत ठेवण्याचा हक्क असावा. काँग्रेसने १९८० च्या कायद्यात ही शिफारस जवळजवळ जशीच्या तशी उचलली, फक्त ‘रीतसर ताबा असलेला’ याऐवजी ‘मालक’ असा शब्द घातला. हा बदल का केला, याचा खुलासा त्या वेळच्या नोंदींत सापडत नाही.

एका शब्दाने केवढा फरक पडला! हक्क मालकालाच असेल तर ग्राहकाला मालक होऊ न देणे कंपनीच्या फायद्याचे ठरते. दुकानात पैसे देऊन घेतलेल्या डब्यावर ‘हे विकलेले नाही, वापरायला दिले आहे’ असे छापले जाऊ लागले, त्यामागे हे एक बळकट कारण होते. १९९३ मध्ये एमएआय विरुद्ध पीक या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या (म्हणजे एका विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने दोन्ही टोके जुळवली. प्रोग्रॅम रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, चढवणे म्हणजे प्रत काढणेच, असे न्यायालय म्हणाले. शिवाय परवानाधारक हा मालक नव्हे, म्हणून १९८० ची सूट त्याला नाही. म्हणजे दुसऱ्या संगणकावर प्रोग्रॅम नुसता चालू करणे हाही परवान्याबाहेर असेल तर कॉपीराइटचा भंग. ‘एका संगणकावर’ या अटीला धार आली ती अशी. १९९६ मध्ये प्रोसीडी विरुद्ध झाइडेनबर्ग या खटल्यात सातव्या सर्किटच्या न्यायालयाने डब्याच्या आत मिळणारा, पैसे दिल्यानंतरच वाचता येणारा करारही साधारणपणे बंधनकारक मानला.

याच काळात एक वेगळी वाट निघाली होती आणि ती बुजली याची मला मनापासून खंत वाटते. १९८० च्या दशकात बोरलँड कंपनी आपल्या टर्बो पास्कलसारख्या (प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनासारख्या) प्रोग्रॅमबरोबर साध्या भाषेतला परवाना देत असे. त्याचा आशय असा, की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा. कितीही जणांनी वापरावे, एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावे, मात्र एकाच वेळी ते दोन ठिकाणी वापरले जाण्याची शक्यता नसावी. पुस्तक दोन घरांत एकदम वाचता येत नाही, तसेच हे. यात यंत्रांची मोजदाद नाही की ते कोणाच्या नावावर आहे याची चौकशी नाही. वाचणाऱ्याला तो एका दमात समजत असे आणि न्याय्यही वाटत असे.

पण तो पाळला जातो की नाही, हे कंपनीला दुरून कळायचा मार्ग नव्हता. इतरांनी विश्वासाऐवजी कुलूप निवडले. लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर टाकला तरी सुरू करताना मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असावी लागे. फ्लॉपी खराब झाली की पैसे भरलेला ग्राहक अडला. महागड्या अभियांत्रिकी प्रोग्रॅमसाठी संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये डाँगल, म्हणजे किल्लीचे काम करणारे छोटे उपकरण, खोचावे लागे. ग्राहकांच्या नाराजीपुढे बड्या कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॉपीची कुलपे काढली. डाँगल मात्र टिकले.

मग माणसाकडे एकाहून अधिक संगणक आले. कार्यालयात एक, घरी एक, प्रवासात एक. यंत्र मोजणारी अट इथे पहिल्यांदा उघड अडचणीत आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांत तिच्यावर एक गमतीशीर वाटणारा पण विचारपूर्वक काढलेला तोडगा दिसतो: एखादा संगणक ८० टक्क्यांहून अधिक वेळ एकच व्यक्ती वापरत असेल, तर तिने तेच सॉफ्टवेअर घरच्या किंवा सोबत न्यायच्या संगणकावरही वापरावे. ही टक्केवारी मोजणार कोण, हा प्रश्न होताच. तरी यंत्राआडून माणूस दिसायला लागला होता. नेटवर्क असलेल्या संस्थांत सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडणारा मध्यवर्ती संगणक, स्वतःच मोजू लागला. प्रोग्रॅम शंभर संगणकांवर टाका, एका वेळी दहाच जणांना उघडता येईल, अकराव्याने थांबावे. बोरलँडचे पुस्तकाचे तत्त्व इथे अंमलात आले, पण घरच्या ग्राहकासाठी नाही.

घरच्या ग्राहकाच्या वाट्याला ॲक्टिव्हेशन आले. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आले ते इंटरनेटवरून किंवा फोनवरून सक्रिय करण्याची अट घेऊनच. संगणकाच्या दहा प्रकारच्या भागांवरून त्याची एक खूण तयार होई आणि प्रॉडक्ट कीशी, म्हणजे प्रतीबरोबर मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकाशी, जोडली जाई. बरेच भाग बदलले तर पुन्हा सक्रिय करावे लागे. तोवर कागदावर असलेला आकडा आता यंत्र स्वतः पाळून घेऊ लागले. ‘संगणक’ म्हणजे नेमके काय, मदरबोर्ड बदलला तर तो तोच राहतो का, असे प्रश्न सामान्य माणसापुढे येऊन पडले. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या परवान्यात नव्या यंत्रावर फक्त एकदा स्थलांतर करू द्यायचे ठरले होते, पण टीका झाल्यावर ती अट विक्रीआधीच मागे घेतली गेली. ऑफिस २०१३ च्या किरकोळ प्रतीही पहिल्याच संगणकाला कायमच्या बांधल्या होत्या आणि मार्च २०१३ मध्ये तीही अट शिथिल करावी लागली. ग्राहक बोलले तर आकडे हलतात, याचे हे दोन ठळक दाखले आहेत.

ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्सच्या जॅग्वार आवृत्तीसाठी एका कुटुंबातल्या पाच मॅकना चालणारा फॅमिली पॅक काढला. तिथे अनुक्रमांकाची किंवा ॲक्टिव्हेशनची अडवणूक नव्हती. अर्थात ही प्रणाली मुळात ॲपलच्याच यंत्रांवर चालायची, त्यामुळे कंपनीला असा विश्वास टाकणे सोपे होते.

मोठ्या सर्व्हरच्या जगात मोजण्याचे एककच फुटले. २००५ च्या सुमारास एका प्रोसेसरमध्ये दोन कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दोन गाभे, येऊ लागले, तेव्हा मोजायचे काय यावर कंपन्यांत फाटाफूट झाली. मायक्रोसॉफ्टने आधीच, २००४ मध्ये, प्रोसेसरच मोजू असे सांगितले होते, तर ओरॅकलने कोर मोजून त्यांना गुणक लावला. पुढे एसक्यूएल सर्व्हर २०१२ (माहितीसाठ्याचा प्रोग्रॅम) आणि विंडोज सर्व्हर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टही कोरवर आले.

विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला विकता येते का, यावर अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन उत्तरे मिळाली. २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात नवव्या सर्किटने ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रॅमचा ग्राहक हा केवळ परवानाधारक असल्याचे म्हटले, म्हणून जुन्या प्रतीची फेरविक्री नामंजूर. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल प्रकरणात उलट कौल दिला. एकदाच रक्कम घेऊन बेमुदत वापराचा हक्क दिला असेल तर ती विक्रीच, मग नाव काहीही द्या. डाउनलोड केलेली प्रतही पुढे विकता येईल, मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे. पंचवीस जणांचा एकत्र परवाना तोडून त्यातल्या फक्त काही जणांपुरता भाग विकता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

त्या निकालाचा सगळा भार ‘बेमुदत’ या शब्दावर होता. पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, ॲडोबीने आपला क्रिएटिव्ह संच यापुढे नव्या आवृत्त्यांसाठी फक्त वर्गणीवर मिळेल असे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टची घरगुती वर्गणी त्याच वर्षी पाच संगणकांच्या मर्यादेने सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने संगणकांचा आकडाच काढून टाकला: कितीही यंत्रांवर टाका, एका व्यक्तीला एका वेळी पाच ठिकाणी साइन इन करता येईल. यंत्र मोजणे संपले आणि खाते मोजणे सुरू झाले. पण वर्गणीला मुदत असते, तिथे पुढे विकण्यासारखी प्रत ग्राहकाच्या हाती उरतच नाही.