पंडिताचा अ‍ॅस्ट्रोलेब आणि तांडेलाचा
दर्यावर्दींच्या गोष्टींसोबतच्या चित्रांत खलाशाच्या हाती कधीकधी नक्षीदार, जाळीची पितळी तबकडी दिसते. तो अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, खरा, पण जहाजावरचा नव्हे. नाव एकच, म्हणून ही गफलत.

जाळीची तबकडी ज्योतिर्विदांची. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्र सूरींनी १३७० मध्ये तिच्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला, नाव ‘यंत्रराज’. वरची जाळी म्हणजे तारे, खालची चकती म्हणजे तुमच्या गावचं आकाश. जाळी फिरवली की वेळ, सूर्योदय, लग्नराशी सगळं निघतं. फक्त अक्षांश बदलला की चकती बदलायची, आणि जहाज तर रोज अक्षांश बदलतं.

तांडेलाच्या यंत्रात यातलं काही नाही. जाडजूड पितळी कडं, कडेवर अंशांच्या खुणा, मधे फिरणारी पट्टी, तिच्यावर दोन भोकं. वारा आरपार जावा म्हणून आतला भाग कोरलेला, डुलू नये म्हणून बूड जड. भर दुपारी ते टांगून धरायचं, वरच्या भोकातला कवडसा खालच्या भोकावर येईतो पट्टी सरकवायची आणि सूर्य किती अंश उंचीवर आहे तो आकडा वाचायचा. एक अंश चुकला तर १११ किलोमीटरचा घोळ! वास्को द गामाने १४९७ मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात मोठं लाकडी यंत्र सरळ किनाऱ्यावर उतरवलं, ते उगाच नाही.

पण हा आकडा म्हणजे अक्षांश नव्हे. मुंबईत मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य थेट डोक्यावर असतो. डिसेंबरअखेरीस भर दुपारीही साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवरच. मुंबई जागची हललेली नाही, सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, बदलली. ती त्या दिवशी किती, हे हवंच. ध्रुवताऱ्याला ही भानगड नाही, पण विषुववृत्त ओलांडलं की तो क्षितिजाखाली जातो.

इथे स्पेनमधल्या सालामांकाचा ज्यू ज्योतिर्विद अब्राहम झाकुतो कामी आला. त्याने १४७८ मध्ये हिब्रूत कोष्टकं पूर्ण केली. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तो पोर्तुगालला गेला. तिथे १४९६ मध्ये लैरियात त्या कोष्टकांची लॅटिन आवृत्ती छापली गेली. चार वर्षांच्या चक्रात सूर्य रोज कुठे, आणि त्यावरून क्रांती किती. म्हणजे खलाशाचं पंचांगच. पंडिताची तबकडी जे पितळेत करत होती, ते कागदावर आलं, म्हणून तांडेलाचं यंत्र इतकं साधं राहू शकलं. झाकुतोला मात्र पोर्तुगालही सोडून ट्युनिसला पळावं लागलं.

आता एक अडचण. गामाच्या दुसऱ्या सफरीतलं एस्मेराल्दा जहाज १५०३ मध्ये ओमानजवळ बुडालं. त्याच्या अवशेषांत २०१४ मध्ये साडेसतरा सेंटिमीटरची तबकडी मिळाली: खलाशाचीच, पण सपाट, भरीव, दोन मिलिमीटरहूनही पातळ. ना जाळी, ना कोरलेलं पोट. पाच-पाच अंशांच्या खुणा लेसर स्कॅननंतर दिसल्या, तेव्हा कुठे ती काय आहे हे नक्की झालं.