ट्रॅकिंग एरर

ट्रॅकिंग एरर म्हणजे एखाद्या गोष्टीच्या मागोमाग जायचं ठरलेलं असताना प्रत्यक्षात पडलेलं अंतर. पोचायचं होतं कुठे आणि आहोत कुठे, एवढंच. मोटर कंट्रोलवाला, रडारवाला आणि फंड मॅनेजर असे तिघंही हा शब्द वापरतात, पण फायनान्सवाल्यांनी त्याचा अर्थ जरा वळवून घेतलाय आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो, त्याबद्दल खाली येईलच.

ज्यांनी व्हीसीआर वापरलाय त्यांना ट्रॅकिंगचं बटण आठवत असेल. टेपवर चित्र तिरक्या पट्ट्यांमध्ये रेकॉर्ड व्हायचं, आणि दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड केलेली कॅसेट घातली की हेड त्या पट्टीवरून नीट न जाता बाजूला सरकायचं, मग स्क्रीनवर पांढऱ्या मुंग्यांचा पट्टा. आपण बटण फिरवत बसायचो, पट्टा गेला की थांबायचो. म्हणजे एरर बघणारे डोळे आपले आणि दुरुस्त करणारा हातही आपलाच.

सीडी प्लेअरमध्ये हे काम माणसाकडून काढून घेतलं. सीडीवर शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, डिस्क मिनिटाला २०० ते ५०० फेऱ्या मारते, आणि मधलं भोक केसभर जरी मध्यापासून सरकलेलं असलं तरी प्रत्येक फेरीत ट्रॅक लेझरखालून कितीतरी ट्रॅकांच्या रुंदीएवढा डावी-उजवीकडे डुलतो. यावर एक फार सुंदर युक्ती वापरली जाते. मुख्य ठिपक्याच्या जोडीला लेझरचे आणखी दोन ठिपके, एक ट्रॅकच्या किंचित डावीकडे, दुसरा किंचित उजवीकडे. दोघांचा परत आलेला प्रकाश एकमेकांतून वजा करायचा, उत्तर शून्य आलं की लेझर बरोब्बर मध्यावर. शून्य नसेल तर उत्तर अधिक आहे की उणे यावरून लेन्स कुठे ढकलायची ते कळतं. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं किती चुकलं हे कळून भागत नाही, कुठल्या बाजूला चुकलं तेही कळावं लागतं.

कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये व्याख्या सरळ आहे, हवं ते वजा आहे ते. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या ऑटोमॅटिक स्टिअरिंगवर लिहिताना बघितलं की मुरलेला सुकाणूवाला फक्त आत्ता दिशा किती चुकलीय एवढंच बघत नाही, ती किती वेळ चुकत आलीय आणि किती वेगाने बदलतेय हेही त्याच्या डोक्यात असतं. आज ज्याला पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) कंट्रोलर म्हणतात त्याचे तीन भाग म्हणजे हेच. यातला फक्त पहिला भाग वापरला तर काय होतं ते क्रूझ कंट्रोलवरून, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेवरून, समजतं. ८० चा स्पीड सेट केलाय आणि चढ लागला, आता इंजिनाला जादा ताकद लावायला सांगायचं तर त्यासाठी काहीतरी एरर शिल्लक असावा लागतो, त्यामुळे गाडी ७७ वर जाऊन तिथेच रमते. एरर शून्य झाला तर जादा ताकदही शून्य! म्हणून जुनी चूक साठवत जाणारा इंटिग्रल भाग लागतो, तो हळूहळू ते तीन भरून काढतो.

सीएनसी मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणाऱ्या मशीनमध्ये, हेच मागे राहणं धातूत दिसतं. दोन्ही अक्ष सारखेच मागे पडत असतील तर तिरकी रेष सरळच कापली जाते, फक्त गोल किंचित लहान येतो, पण एक अक्ष जास्त रेंगाळत असेल तर गोलाचा अंडाकार होतो. हे मागे पडणं (इथे त्याला फॉलोइंग एरर म्हणतात) ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की मोटर चालवणारी ड्राइव्ह अलार्म देऊन थांबते, आणि ते बरंच आहे.

आता फायनान्स. इंडेक्स फंड म्हणजे शेअर बाजाराच्या एखाद्या निर्देशांकाची (इंडेक्सची) हुबेहूब नक्कल करायला बघणारा फंड. इंडेक्स फंडाचा परतावा आणि इंडेक्सचा परतावा यातला नुसता फरक म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स, आणि हा फरक किती वर-खाली होतो त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे ट्रॅकिंग एरर. समजा एक फंड दर महिन्याला न चुकता ०.१ टक्क्याने मागे राहतो, त्याचा ट्रॅकिंग एरर शून्य, कारण फरक बदलतच नाही, आणि वर्षअखेर तुम्ही जवळपास १.२ टक्क्यांनी मागे. दुसरा फंड एका महिन्यात ०.१ ने पुढे, पुढच्या महिन्यात ०.१ ने मागे असं करतो, तो वर्षअखेर इंडेक्सच्या बरोबरीने असतो पण त्याचा वार्षिक ट्रॅकिंग एरर साधारण ०.३५ टक्के येतो. म्हणजे फक्त हा आकडा बघून निवडायला गेलात तर पहिला फंड घ्याल. तेव्हा दोन्ही आकडे बघावेत. कारणं नेहमीचीच, फंडाचा खर्च, हातात पडून राहिलेली कॅश, डिव्हिडंड उशिरा गुंतवला जाणं, इंडेक्समधले शेअर बदलताना होणारी खरेदी-विक्री.

एकाच बाजूला पडणारी बारीक चूक किती महाग पडते त्याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजायचं, आणि ०.१ हा आकडा बायनरीत संपतच नाही, तो २४ बिटांवर छाटला जायचा. दर वेळी सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी चूक. सलग १०० तास चालल्यावर ती ०.३४ सेकंद झाली, आणि २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये रडार येणाऱ्या इराकी स्कड क्षेपणास्त्राला अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकीच्या जागी शोधत राहिलं. २८ अमेरिकन सैनिक गेले. सुधारलेलं सॉफ्टवेअर पोचलं दुसऱ्या दिवशी.

दुसरं कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचं. १९८२ च्या सुरुवातीला १००० वर सुरू केलेला इंडेक्स प्रत्येक सौद्यानंतर नव्याने काढायचे आणि तीन दशांश स्थळांपुढचं राउंड न करता सरळ कापून टाकायचे. एका वेळी सरासरी ०.०००५ चं नुकसान, दिवसाला ३००० वेळा धरलं तर रोज दीड अंक. नोव्हेंबर १९८३ पर्यंत इंडेक्स ५२४ च्या आसपास घसरला होता, बरोबर हिशेब केल्यावर तो निघाला १०९८. त्या काळात कुणी त्या इंडेक्सच्या शेअर्सवर तंतोतंत फंड चालवला असता तर तो रोज थोडा थोडा पुढे पळताना दिसला असता, आणि एरर लागला असता फंडाच्या नावावर.