जुन्या कन्सोलचे घरगुती कंट्रोलर: ही गोष्ट नेमकी कुठून सुरू झाली

हल्ली बरेच जण जुन्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांसाठी, स्वतःच कंट्रोलर बनवतात, कोणी लाकडी खोक्यात आर्केडची मोठी बटणं बसवतं, कोणी एका हाताने खेळता येईल असं काही जोडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हे सगळं अर्डुइनो (हौशी लोकांसाठीचा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) आल्यानंतरचं वेड आहे. तसं अजिबात नाहीये. याचं मूळ थेट १९७७ च्या अटारी २६०० या कन्सोलमध्ये आहे.

त्या जॉयस्टिकमध्ये एकही चिप नव्हती. नऊ पिनांचा प्लग, चार दिशांच्या चार वायरी, फायरची एक आणि ग्राउंड (सगळ्यांची सामायिक परतीची वायर). दांडा डावीकडे ढकलला की डावीकडची वायर ग्राउंडला टेकते, कन्सोलला तेवढंच कळतं. मग दाराच्या बेलचं बटण लावलं तरी चालणारच ना! पुढे कमोडोर ६४ आणि अमिगा या घरगुती कॉम्प्युटरनीही तीच जोडणी ठेवली, त्यामुळे एकदा बनवलेली जॉयस्टिक तिन्हीकडे चालायची, आणि आर्केडचे पार्ट बनवणाऱ्या विकोसारख्या कंपन्या घरच्यांसाठी दणकट जॉयस्टिक विकायला लागल्या.

१९८३ ला निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल आला आणि गणित बदललं. बटणं झाली आठ, पण केबलमध्ये वायरी फक्त पाच: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. आत ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर चिप. कन्सोल लॅचवर इशारा देतो, चिप त्या क्षणी आठही बटणांची स्थिती धरून ठेवते, मग क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बटण डेटाच्या वायरीवरून बाहेर येतं, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग वर, खाली, डावं, उजवं. मला तर आजही हे डिझाइन फार सुंदर वाटतं, कारण ही चिप बाजारात सुटी मिळायची, काही गुपित नव्हतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात मीडिया, सामुराय असे जे व्हिडिओ गेम घरोघरी होते ते याच फॅमिकॉमचे क्लोन, म्हणजे नकला. त्यातल्या बऱ्याच पॅडमध्ये ४०२१ च्या जागी काळ्या इपॉक्सीचा ठिपका (त्याखाली चिप झाकलेली) असतो, पण काम तेच. फक्त प्लगवर जाऊ नका, क्लोनचा नऊ पिनांचा प्लग अटारीसारखा दिसतो पण आतली जोडणी पूर्ण वेगळी, सेगा मेगा ड्राइव्हचीही तिसरीच, तिथे ५ व्होल्टची पिनसुद्धा बदलते, त्यामुळे मल्टिमीटरने (व्होल्ट आणि जोडणी मोजायच्या मीटरने) तपासल्याशिवाय काहीही लावायचं नाही.

खरं तर वेगळ्या कंट्रोलरची गरज किती खोल आहे हे निन्टेन्डोनेच १९८९ ला दाखवलं. हात चालत नसलेल्या मुलांसाठी त्यांनी छातीवर बांधायचा हँड्स फ्री कंट्रोलर काढला, दिशा हनुवटीने आणि ए-बी बटणं नळीत फुंकून किंवा ओढून. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि आजही कोणी भावासाठी किंवा आजोबांसाठी असा कंट्रोलर बनवतं तेव्हा ते हेच काम पुढे नेत असतं.

मग १९९६ ला निन्टेन्डो ६४ आला, डेटाची वायर एकच, तीही दोन्ही बाजूंनी बोलणारी आणि एकेक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. इथे सुट्या चिपा घेऊन काम भागेना. उरला एकच रस्ता, ओरिजिनल पॅड उघडायचं आणि त्याच्या बोर्डावर वायरी सोल्डर करून आपली बटणं जोडायची, यालाच पॅड हॅकिंग म्हणतात. कॉमन ग्राउंडवालं पॅड मिळालं तर बरं, सगळ्या बटणांना एकच ग्राउंडची वायर फिरवता येते.

२००५ ला अर्डुइनो आणि २०२१ ला ४ डॉलरचा रास्पबेरी पाय पिको हा तसाच छोटा बोर्ड आल्यावर ते ओरिजिनल पॅड कापायची गरजच संपली, कारण पिकोतली पीआयओ यंत्रणा (पिनांचे सिग्नल अचूक वेळेत हाताळणारा चिपमधला वेगळा भाग) असले मायक्रोसेकंदांचे सिग्नल आरामात सांभाळते. निन्टेन्डो ६४ ला तो थेट जमतो, दोघंही ३.३ व्होल्टवाले. फॅमिकॉम आणि त्याचे क्लोन मात्र ५ व्होल्टवर चालतात, तिथे मध्ये लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टचे सिग्नल एकमेकांत बदलणारा भाग) टाकायचा, नाहीतर सरळ जुनी ४०२१ च वापरायची, ती अजूनही मिळते.