वार्धक्य, रोगप्रतिकारक पेशी आणि चेतातंतूंचे निरोप : पार्श्वभूमी

उन्हाळ्यात कोल्हापुरात वर्षाची चटणी कुटून घेण्याची लगबग सुरू झाली की, मिरच्यांची देठे खुडणाऱ्या हातांची आग रात्रीपर्यंत शमत नाही. ही आग मिरचीने चेतातंतूंच्या टोकांना दिलेल्या चिथावणीची असते. त्या टोकांतून पाझरणारी काही सूक्ष्म प्रथिने, म्हणजे न्यूरोपेप्टाइड, जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही निरोप देतात. वय वाढते तसे हे निरोप आणि ते ऐकणाऱ्या पेशी दोन्ही बदलतात. हे उमगायला दीर्घ काळ लागला, कारण प्रतिकारशक्तीचा अभ्यास आणि चेतासंस्थेचा अभ्यास कित्येक दशके वेगवेगळ्या वाटांनी चालले होते.

पहिली, प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची वाट एली मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञापासून सुरू होते. १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसल्यावर भटक्या पेशी त्याभोवती गोळा होताना त्यांनी पाहिल्या आणि जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींची कल्पना मांडली. याच मेचनिकॉफांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीने पुढे कोल्हापूर संस्थानही ग्रासले आणि राजर्षी शाहू महाराजांना तिच्या निवारणात लक्ष घालावे लागले. म्हातारपणी भक्षकपेशी शरीराच्याच ऊतींवर उलटतात, असे मेचनिकॉफ मानत. तपशिलात ते चुकले. तथापि या पेशी वार्धक्याच्या केवळ बळी नसून त्यात भागीदार आहेत, ही त्यांची जाण मला आजही मोलाची वाटते.

१९६१ मध्ये जॅक मिलर यांनी छातीतील थायमस ग्रंथीचे कार्य उलगडले. टी पेशी, म्हणजे जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, याच ग्रंथीत परिपक्व होतात. ती वयात येण्याच्या सुमारास आक्रसू लागते आणि तिची जागा हळूहळू चरबी घेते, त्यामुळे उतारवयात नव्या टी पेशींची आवक रोडावते व जुन्या ओळखीच्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या पेशींचेच प्रमाण वाढते. १९६९ मध्ये रॉय वॉलफर्ड यांनी वार्धक्याचा प्रतिकारशास्त्रीय सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला.

दुसरी, चेतासंस्थेच्या अभ्यासाची वाट १९३१ ची. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात रक्तदाब उतरवणारा एक पदार्थ सापडला. तोच ‘सबस्टन्स पी’ हा न्यूरोपेप्टाइड. त्यातील अकरा अमिनो आम्लांचा क्रम मात्र सुझान लीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये लावला. दरम्यान हंगेरीत मिक्लोश यांचो मिरचीतील कॅप्सायसिन वापरून प्रयोग करत होते. त्वचेचा चेतातंतू तोडून तो निकामी होऊ दिला, तर झोंबणारा पदार्थ लावूनही तिथे दाह होत नाही, असे त्यांना आढळले. दाह ही निव्वळ रक्तातील पेशींची करणी नव्हे, तिला चेतातंतूंची चिथावणी असू शकते, हे यातून स्पष्ट झाले. पुढे १९७० मध्ये दाह शमवणारे व्हीआयपी (व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टाइनल पेप्टाइड) हे न्यूरोपेप्टाइड आणि १९८२ मध्ये न्यूरोपेप्टाइड वाय हाती आले.

या दोन वाटांची गाठ पडली ती १९७५ नंतर. रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनच्या गोड पाण्याबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले. नंतर नुसते गोड पाणी पाजले तरी त्यांच्या प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद घटला. डेव्हिड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्लीहेत प्रतिकारपेशींना अगदी खेटून गेलेले चेतातंतू दिसले, आणि म्हाताऱ्या उंदरांच्या प्लीहेत तेच तंतू विरळ झालेले आढळले. निरोप नेणारी तारच झिजत होती. माद्रिदमध्ये मोनिका दे ला फुएन्ते यांनी प्रश्न पुढे नेला : तेच न्यूरोपेप्टाइड तरुण आणि वृद्ध उंदरांच्या पेशींवर टाकले तर काय होते? परिणाम वयानुसार बदलतो, असे उत्तर आले. म्हणून वार्धक्याला नुसती ‘शक्ती कमी होणे’ म्हणणे मला अपुरे वाटते, नियमनच ढळते. २००० मध्ये क्लॉडिओ फ्रांचेस्की यांनी मांडलेली, वयाबरोबर शरीरात सतत धुमसणाऱ्या मंद दाहाची कल्पना याच दिशेने जाते.

चेतातंतू, प्रतिकारपेशी आणि वय यांचा हा संबंध आपल्या घरांत सर्वांत ठळक दिसतो तो नागिणीत. कांजिण्यांचा विषाणू बालपणापासून मणक्यालगतच्या चेतागंडिकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, दबा धरून बसतो आणि टी पेशींचा पहारा सैल पडला की उसळतो. १९६५ मध्ये एडगर होप-सिम्पसन यांनी ही मांडणी केली. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही धास्ती गावोगावी अजून ऐकू येते. पुरळ बहुधा एकाच चेतातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते, म्हणून तो विळखा सहसा पुरा होतच नाही. मात्र मंत्र-लेपात दिवस गेले तर विषाणूविरोधी औषधासाठी सर्वांत उपयोगी असलेले पहिले ७२ तास हातचे निसटतात.