शेजारचं मैदान ओस, दूरचा क्लब आपला

घरापासून दहा मिनिटांवरच्या मैदानात सामना सुरू असतो, तिकिटं शिल्लक असतात, आणि त्याच वेळी शेजारच्या गल्लीतली मुलं समुद्रापलीकडच्या क्लबची जर्सी घालून टीव्हीसमोर बसलेली असतात. फुटबॉल खेळणाऱ्या कितीतरी देशांत हे चित्र आता नेहमीचं झालं आहे. गावच्या क्लबची माणसं याला गद्दारी म्हणतात. दूरच्या क्लबवर जीव टाकणाऱ्यांना हा शब्द लागतो, आणि तो लागावा असंच त्यांचं प्रेम असतं. मी स्वतः कधीही न पाहिलेल्या शहराच्या संघासाठी रात्री जागवल्या आहेत, म्हणून ते मला ठाऊक आहे. पण हे सगळं डिश अँटेना आल्यावर सुरू झालं हा समज बरोबर नाही. याची मुळं शंभर वर्षं मागे जातात, आणि वाटेतली बहुतेक महत्त्वाची वळणं चाहत्यांनी नव्हे, तर बैठकांच्या खोल्यांत बसलेल्यांनी घेतली आहेत.

इंग्लंडमध्ये सुरुवातीला चाहता आणि शेजारी हे एकच माणूस होते. एव्हर्टन एका चर्चच्या मुलांतून उभा राहिला, आर्सेनल वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांतून, तर आजचा मँचेस्टर युनायटेड 1878 मध्ये न्यूटन हीथ इथल्या रेल्वे कामगारांनी काढला. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की माणसं कामावरून थेट मैदानात जात. 1888 मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ‘तुझा संघ कोणता’ हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती, राहता कुठे ते कळलं की पुरे. मात्र 1913 मध्ये आर्सेनलने वुलिच सोडलं आणि थेम्स ओलांडून उत्तर लंडनमधल्या हायबरीला बिऱ्हाड हलवलं. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांना सोडून जाण्यात क्लबसुद्धा मागे नव्हते. चाहत्यांना बोल लावताना हे विसरलं जातं.

मैदानाची भिंत पहिल्यांदा ओलांडली ती रेडिओने. 22 जानेवारी 1927 ला बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या सामन्याचं धावतं वर्णन हायबरीवरून ऐकवलं. ऐकणाऱ्याला चेंडू कुठे आहे ते कळावं म्हणून बीबीसीच्या साप्ताहिकात मैदानाचा आराखडा आकडे घातलेल्या चौकोनांत छापला होता. एक जण वर्णन करायचा आणि मधूनमधून दुसरा आवाज नुसता चौकोनाचा आकडा सांगायचा. मला हे दृश्य फार जवळचं वाटतं: मांडीवर छापील मैदान, त्यावर फिरणारं बोट, आणि कधीही न पाहिलेल्या हिरवळीवर नजरेसमोर धावणारी माणसं. दूरचा चाहता त्या बोटाबरोबर जन्माला आला.

टीव्हीबद्दल मात्र क्लब सावध होते. सप्टेंबर 1960 मध्ये ब्लॅकपूल–बोल्टन हा लीगचा सामना थेट दाखवला गेला आणि तो प्रयोग लगेच गुंडाळावा लागला, कारण इतर क्लबांनी नकार दिला. बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचा विरोध सर्वांत कडवा. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोठा सामना घरात दिसला तर छोट्या सामन्याला कोण येईल? शनिवारी दुपारी तीनच्या सामन्यांच्या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवायचा नाही, ही प्रथा त्याच आग्रहातून रुजली आणि आजही टिकून आहे. लॉर्ड हट्टी होते, पण धोका त्यांनी नेमका ओळखला होता असं मला वाटतं. 22 ऑगस्ट 1964 ला बीबीसीने ‘मॅच ऑफ द डे’ सुरू केला तो थेट प्रक्षेपण टाळून, संपलेल्या सामन्याचे क्षण दाखवून. लिव्हरपूलने आर्सेनलला 3–2 हरवलं, आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांची संख्या लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर हजर असलेल्यांपेक्षाही कमी होती.

आयर्लंडमध्ये या गोष्टीला शोकाची किनार आहे. 25 सप्टेंबर 1957 ला प्रशिक्षक मॅट बझ्बी यांचा तरुण मँचेस्टर युनायटेड संघ युरोपियन कपसाठी डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर आला आणि त्याने तिथल्या शॅमरॉक रोव्हर्सला 6–0 असं हरवलं. त्यातले दोन गोल लियम व्हेलनचे. तो डब्लिनच्याच काब्रा भागातला, म्हणजे त्या मैदानाच्या शेजारचाच मुलगा. साडेचार महिन्यांनी, 6 फेब्रुवारी 1958 ला संघाच्या विमानाला म्युनिकमध्ये झालेल्या अपघातात 23 जण गेले. त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते, आणि व्हेलन त्यांतला एक. तो 22 वर्षांचा होता. काब्रातल्या घराघरांनी त्यानंतर युनायटेडला आपलं मानलं असेल, तर त्याला गद्दारी कोणत्या तोंडाने म्हणायचं? पुढे ब्रिटनचं टीव्ही प्रक्षेपण आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सहज पकडलं जाऊ लागलं, आयर्लंडचे उत्तम खेळाडू इंग्लंडला जात राहिले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या देशाची नजरही गेली. शेवटी आयरिश लीगने 2003 मध्ये हंगामच बदलला. हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात खेळायला सुरुवात केली, आणि बरेचसे सामने शुक्रवारी संध्याकाळी. आपल्याच घरात शनिवारची दुपार पाहुण्याला सोडून द्यायची, असा तो निर्णय होता.

स्कँडिनेव्हियात कारण वेगळं: बर्फ. स्वीडन-नॉर्वेतल्या लीग उन्हाळ्यात चालतात आणि हिवाळ्यात मैदानं गोठतात. सट्ट्याच्या कुपनवर मात्र दर आठवड्याला सामने हवेत. ते इंग्लंडमधून यायचे, कारण तिथे भर हिवाळ्यातही खेळ चालू असतो. 29 नोव्हेंबर 1969 ला स्वीडिश टीव्हीने वुल्व्हरहॅम्प्टन विरुद्ध सुंदरलँड हा सामना थेट दाखवला आणि तिथून शनिवार दुपारच्या इंग्लिश सामन्याचा पायंडा पडला. शेजारच्या नॉर्वेतही तेच. खिडकीबाहेर अंधारून आलेलं, टेबलावर यजमानांचा विजय, बरोबरी, पाहुण्यांचा विजय यांसाठी 1, एक्स, 2 अशा खुणा केलेलं कुपन, आणि पडद्यावर चिखलात माखलेले खेळाडू. गंमत म्हणजे जे सामने खुद्द इंग्लंडमधल्या माणसाला घरबसल्या पाहता येत नव्हते, ते स्वीडनमधल्या माणसाला थेट दिसत होते. आपल्या छोट्या क्लबांना जपण्यासाठी इंग्लंडने भिंत बांधली होती, परदेशातल्या छोट्या क्लबांसाठी कुणीच बांधली नाही. लिव्हरपूल किंवा वुल्व्ह्जवर (म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनवर) वडिलांपासून चालत आलेलं प्रेम करणारी नॉर्वेजियन कुटुंबं या अशा शनिवारांनी घडवली. त्यांना ‘नवे चाहते’ म्हणणं मला पटत नाही. तिसऱ्या पिढीला नवं कसं म्हणणार?

यापुढचा भाग पैशाचा आहे. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती, ती 1961 मध्ये गेली आणि चांगला खेळाडू गावच्या क्लबला धरून राहण्याचं एक कारण संपलं. सामन्याच्या तिकीटविक्रीतला पाचवा हिस्सा पाहुण्या संघाला देण्याची जुनी पद्धत लीगने 1983 मध्ये बंद केली. माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात खोल जखम हीच. मोठ्या मैदानाचं उत्पन्न तोवर थोडं तरी खाली झिरपत होतं, ते थांबलं. 1992 मध्ये पहिल्या विभागातले क्लब बाहेर पडले, प्रीमियर लीग झाली आणि टीव्हीचा पैसा वरच्या थरातच राहू लागला. डिसेंबर 1995 च्या बॉसमन निकालाने करार संपलेला खेळाडू युरोपियन युनियनमधल्या देशांत, जुन्या क्लबला मोबदला न देता, दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकेल असं ठरवलं. खेळाडूच्या हक्काच्या दृष्टीने तो निकाल न्याय्यच होता. पण नेदरलँड्स, बेल्जियम, स्कॉटलंड यांसारख्या देशांतल्या क्लबांना आपली चांगली पोरं धरून ठेवणं अवघड झालं. त्यात 1990च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेची दारं मोठ्या देशांच्या विजेत्यांबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या संघांनाही उघडली. जगभरच्या मुलांना दर मोसमात तेच दहा-बारा क्लब दिसू लागले, आणि मूल जे बघतं त्याच्याच प्रेमात पडतं.

एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या बारा मोठ्या क्लबांनी सुपर लीग ही आपली वेगळी स्पर्धा जाहीर केली तेव्हा स्थानिक, पिढीजात चाहत्यांसाठी या योजनेमागच्या मंडळींत ‘वारशातले चाहते’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होत असल्याच्या बातम्या आल्या. डोळा होता तो जगभरच्या ‘भविष्यातल्या चाहत्यांवर’. तीन दिवसांच्या आत योजना कोसळली, कारण इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर उतरले. त्या आठवड्यात मैदानाशेजारचा चाहता आणि हजारो किलोमीटरवरचा चाहता एकाच बाजूने बोलत होते, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

दूर गेलेल्या क्लबकडून माणसं परतही आली आहेत. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तेव्हा काही चाहत्यांनी वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला आणि खालच्या पायरीच्या लीगमध्ये खेळायला सुरुवात केली. स्वतःचं मैदान नव्हतं म्हणून ते अनेक वर्षं भाड्याने खेळले ते बरी क्लबच्या गिग लेनवर.

हा बरी क्लब मँचेस्टरपासून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटरवर, दोन बलाढ्य क्लबांच्या सावलीत. 1894 पासून लीगचा सभासद. 1903 च्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीला 6–0 हरवलं होतं, आणि अंतिम सामन्यातल्या सर्वांत मोठ्या विजयाचा तो विक्रम 116 वर्षं एकट्या बरीच्या नावावर होता. मे 2019 मध्ये मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला तेवढ्याच फरकाने हरवून त्याची बरोबरी केली. तीन महिन्यांनी, 27 ऑगस्टला, आर्थिक हमी देता न आल्याने बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. क्लब बुडाला तो कर्जात आणि गैरकारभारात, दूरच्या चाहत्यांमुळे नव्हे. पण ज्या दिवसांत लीगने दिलेली मुदत संपत होती, त्या दिवसांत काही माणसं गिग लेनवर झाडू आणि फडकी घेऊन गोळा झाली होती. पुढचा सामना होईल या आशेवर त्यांनी बसायच्या खुर्च्या पुसून ठेवल्या.