खालच्या कोर्टाचा निकाल कुणाला बांधतो?

मोठ्या खटल्याचा निकाल लागला की ‘न्यायालयाने पायंडा पाडला’ असं वाक्य बातमीत हमखास येतं. निकाल ट्रायल कोर्टाचा, म्हणजे साक्षीपुरावे नोंदवणाऱ्या पहिल्या पायरीवरच्या न्यायालयाचा असेल, तर कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलेल्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ते वाक्य बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. तो निकाल त्या खटल्यातल्या पक्षकारांना बांधतो, शेजारच्या दालनातल्या न्यायाधीशांना नाही. हा फरक लक्षात न आल्याने लोक एकाच निकालावर नको तेवढी आशा ठेवतात, म्हणून त्याच्या मुळाशी जायला हवं.

ते मूळ इंग्लंडमध्ये सापडतं. दिवाणी दावे लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांत दाखल होत, पण साक्षीपुरावे बहुधा परगण्यांत फिरतीवर जाणाऱ्या न्यायाधीशासमोर, ज्यूरीपुढे होत. या पद्धतीला ‘निसी प्रायस’ म्हणत. ज्यूरी फक्त कौल द्यायची, त्यामागची कारणं सांगायची नाही. पूर्वनिर्णयाचा जीव तर कारणांतच असतो! नुसत्या कौलातून पुढच्या खटल्यासाठी नियम काढणार कसा? कायद्याचा अवघड मुद्दा निघाला तर तो वेस्टमिन्स्टरला अनेक न्यायाधीशांच्या पीठापुढे नेता येई. पुढे फिरतीवरच्या निकालांचेही संग्रह छापले गेले, पण पीठाच्या निर्णयाचं वजन त्यांना कधी आलं नाही. त्यातल्या एस्पिनास यांच्या संग्रहाबद्दल तर नंतरचे न्यायाधीश उघड नापसंती दाखवत.

पूर्वनिर्णयांना मान फार जुना, पण ‘बंधनकारक’पणाची आजची कडक चौकट प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातली. विश्वासार्ह छापील निकाल आणि न्यायालयांची स्पष्ट उतरंड, दोन्ही असल्याशिवाय ती उभी राहणं कठीण होतं. निकाल पद्धतशीर छापण्यासाठी १८६५ साली स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. १८७३ आणि १८७५ च्या कायद्यांनी विखुरलेली वरिष्ठ न्यायालयं एकत्र आणून हायकोर्ट आणि त्यावर अपील कोर्ट अशी मांडणी केली. १८९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, स्वतःचे जुने निर्णय स्वतःवरही बंधनकारक मानले. (१९६६ मध्ये हे बंधन त्यांनीच सैल केलं.) अधिकार वरून खाली वाहणार हे ठरलं, आणि तळाच्या न्यायालयाखाली बांधायला कुणी उरलंच नाही.

मधल्या पायरीचा प्रश्न नंतरही निघत राहिला. हायकोर्टाचा एक न्यायाधीश मूळ दावा चालवताना दुसऱ्याच्या निर्णयाला बांधील आहे का? १९४७ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी उत्तर दिलं: बांधील नाही, सौजन्य म्हणून तो पाळावा, पण चुकीचा असल्याची खात्री पटली तर सोडावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं की, फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाचा, म्हणजे तिथल्या केंद्रीय ट्रायल कोर्टाचा, निर्णय दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात, इतकंच काय, त्याच न्यायाधीशावरही दुसऱ्या खटल्यात बंधनकारक नसतो.

तरी वकील असे निकाल दाखल करतातच, आणि ते योग्यही आहे. एखादा नवा मुद्दा वरच्या न्यायालयात अजून पोचलेलाच नसतो, तेव्हा नीट कारणं देऊन लिहिलेला ट्रायल कोर्टाचा निकाल न्यायाधीश लक्षपूर्वक वाचतात. पटला तर त्याच वाटेने जातात.