धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांनी (ट्रस्टनी) चालवलेल्या रुग्णालयांत गरिबांसाठी राखून ठेवाव्या लागणाऱ्या खाटा. एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. बोलण्यात याला ‘चॅरिटीचा बेड’ म्हणतात.

याचा आधार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील ‘कलम ४१ कक’ हा आहे. कलम होते, पण ते राबवायचे कसे हे ठरलेले नव्हते. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सविस्तर योजना मंजूर केली आणि ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली. देखरेख धर्मादाय आयुक्तांकडे असते. ही रुग्णालये काही उपकार म्हणून खाटा देत नाहीत. न्यास म्हणून त्यांना करात सूट मिळते आणि अनेकांना जमीन किंवा जादा चटईक्षेत्रही (जास्त बांधकामाची परवानगी) सवलतीत मिळालेले असते.

खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या हे निर्धन रुग्णाला फुकट असते. औषधे, इतर साहित्य आणि शरीरात बसवायचे स्टेंटसारखे भाग खरेदीच्या किमतीत लावून ती रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’तून वळती केली जाते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला या बिलाचा निदान निम्मा भाग स्वतः भरावा लागतो. हा निधी उभा राहतो तो इतर रुग्णांच्या एकूण बिलांतून बाजूला काढलेल्या २ टक्क्यांतून. योजनेची खरी मेख इथेच आहे. राखीव खाटा मोजता येतात, निधी मात्र आटतो. हृदयाच्या किंवा सांध्याच्या दोन-चार महागड्या शस्त्रक्रियांनी तो झपाट्याने रिकामा होतो. मग खाट मोकळी असूनही ‘फंड संपलाय’ हे उत्तर मिळू शकते.

गरिबी सिद्ध होते ती कागदाने. उत्पन्नमर्यादा वेळोवेळी वाढत निर्धनांसाठी वार्षिक १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपयांपर्यंत आली. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. पुण्यात बांधकामावर असलेल्या मजुराचे कार्ड गावी, बीडकडे, पत्र्याच्या पेटीत असते. ते कुणाबरोबर तरी मागवायचे, नाहीतर दाखल्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जायचे. तातडीच्या रुग्णाला कागद वा अनामत न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार आधी द्यावेत, असे योजना सांगते. पण रात्री अकराला काउंटरवर पिशवीतून एकेक कागद काढणाऱ्या नातेवाइकाला हे ठाऊक नसते. त्याला विचारले जाते ते ‘डिपॉझिट किती भरताय?’ या खाटांचे काम पाहणाऱ्या समाजसेवा विभागाचे दार सकाळी उघडते. ज्याला नगरसेवकाचा किंवा एखाद्या कार्यकर्त्याचा फोन लावता येतो, त्याचे काम त्या मानाने लवकर होते. म्हणजे गरिबांतही ओळख असलेला आणि नसलेला असे दोन थर पडतात.

अशी मोठी रुग्णालये बहुतेक करून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. मेळघाटातल्या धारणीहून किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीहून येणाऱ्याला खाट मिळाली, तरी सोबतच्या माणसाचे जेवण, मुक्काम आणि परतीचे भाडे या निधीतून मिळत नाही.